नोंद क्रमांक ६२८

मीन राशीत इटा पीशियम नावाचा एक तारा आहे. त्या राशीतला तो सर्वांत तेजस्वी तारा. पण मीन ही रासच मुळात इतकी मंद, की तिच्यातल्या ‘सर्वांत तेजस्वी’ला शोधायलाही शहराबाहेर जावे लागते. या ताऱ्याच्या पूर्वेस सुमारे सव्वा अंशावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राचे अडीच व्यास शेजारी शेजारी ठेवावेत एवढ्या अंतरावर, एक सर्पिल दीर्घिका आहे. तिचे पाते आपल्याला जवळजवळ समोरून दिसते, त्यामुळे मोठ्या दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात तिचे दोन्ही फाटे रांगोळीच्या वळशांसारखे सुटे, मोकळे आणि नीट रेखलेले दिसतात. सुमारे तीन कोटी वीस लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका. तिच्यात दहा हजार कोटींच्या आसपास तारे असावेत असा अंदाज आहे. आणि तरीही हौशी आकाशनिरीक्षकांनी तिला नाव दिले आहे ते ‘फँटम’, म्हणजे भूत. आहे म्हणावे तर दिसत नाही, नाही म्हणावे तर नकाशात जागा ठरलेली आहे.

तिची पहिली नोंद १७८० सालची. पिएर मेशँ या फ्रेंच निरीक्षकाने सप्टेंबरच्या अखेरीस ती पाहिली आणि शार्ल मेसिए या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला कळवली. मेसिएने १८ ऑक्टोबरला ती शोधून काढली आणि आपल्या यादीत ७४ हा क्रमांक दिला. नोंदीचा आशय असा: यात तारे नाहीत, आकार बराच मोठा, अतिशय अंधूक, पाहायला फार अवघड, निरभ्र आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री जरा अधिक खात्रीने ओळखता येते.

ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका व्यवसायबंधूची भेट झाल्यासारखे वाटले. इंदूरच्या एका महाविद्यालयातून मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षांहून अधिक काळ पुस्तकांच्या तालिका करण्यात गेला. त्यामुळे एखादी यादी हाती आली, की यादीतल्या वस्तूंच्या आधी मला यादी करणारा दिसतो. काय आहे ते सांगताना ते ओळखणे किती कठीण आहे हेही जो त्याच ओळीत लिहून ठेवतो, तो चांगला तालिकाकार. पुढच्या माणसाला थंडीची रात्र निवडायला सांगणे हा वर्णनाचाच भाग आहे, हे मेशँला कळले होते.

ही दीर्घिका अंधूक का, हे एकदा समजून घ्यायला हवे. तिचा एकूण प्रकाश काही नगण्य नाही. तो सगळा एका बिंदूत गोळा केला, तर ९.४ प्रतीचा तारा होईल, आणि असा तारा काळोख्या जागेवरून साध्या द्विनेत्रीतही सापडतो. परंतु हा प्रकाश आकाशातल्या जवळजवळ दहा कलांच्या, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या एक तृतीयांश रुंदीच्या चकतीवर पसरलेला आहे. चमचाभर तूप वाटीभर भातावर घातले तर दिसते, वासही येतो. तेच पंगतीच्या पातेल्यात घातले, तर वाढणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. तूप तेवढेच असते. क्षितिजावर एखाद्या गावाचे दिवे असले, आकाशात किंचित धूर असला, की ही चकती पार्श्वभूमीत विरून जाते. मार्च महिन्याच्या अखेरीस एका रात्रीत मेसिएच्या साऱ्या नोंदी पाहण्याची एक शर्यत हौशी मंडळी करतात. तिची सुरुवात या ७४ क्रमांकापासून करावी लागते, कारण तेव्हा ती संधिप्रकाशातच मावळतीला लागलेली असते. आणि पुष्कळांची यादी या पहिल्याच ओळीवर अपुरी राहते.

मेसिएने यादी केली ती या वस्तूंच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला धूमकेतू शोधायचे होते. धूमकेतूही आधी एखाद्या पुसट डागासारखाच दिसतो. आज पाहिलेला डाग चार दिवसांनी सरकला तर धूमकेतू, जागेवरच राहिला तर श्रम वाया. हे वाया जाणारे श्रम वाचावेत म्हणून त्याने न हलणाऱ्या डागांची यादी केली. इकडे पाहू नका, असे सांगणारी ती यादी. ग्रंथालयातही बाद करावयाच्या पुस्तकांची यादी असते. जीर्ण, कालबाह्य, कोणी न नेलेली. आणि वीस वर्षांनी कोणीतरी अभ्यासक येतो आणि नेमकी तीच यादी मागतो. मेसिएने शोधलेले धूमकेतू आज फक्त त्या विषयाच्या इतिहासकारांना ठाऊक आहेत. त्याने टाळण्यासाठी नोंदलेल्या वस्तूंची संख्या पुढच्या भरीसह ११० धरली जाते, आणि त्यांतल्या ४० तर स्वतंत्र दीर्घिका निघाल्या.

या यादीतले क्रमांक म्हणजे आमच्या भाषेत दाखल अंक. पुस्तक ज्या क्रमाने ग्रंथालयात आले तो क्रमांक. त्यावरून ते कोणत्या विषयाचे, कोणत्या कपाटात, हे कळत नाही. ७३ म्हणजे कुंभ राशीतले चार साधे तारे, ७४ ही मीनेतली दीर्घिका आणि ७५ हा धनू राशीतला तारकागुच्छ. शेजारी शेजारी नोंदलेल्या तीन वस्तू आकाशाच्या तीन कोपऱ्यांत. नोंदवहीला हे चालते. पण वस्तू शंभराच्या हजारो झाल्या, की कपाट लावावेच लागते.

ते कपाट लावण्याचे काम तीन पिढ्यांनी केले. विल्यम हर्शल आणि त्याची बहीण कॅरोलाइन यांनी सुमारे अडीच हजार नव्या वस्तूंच्या याद्या केल्या. भाऊ दुर्बिणीशी उभा राहून वर्णन उच्चारी आणि बहीण घड्याळासमोर बसून ते वेळेसह टिपून घेई. विल्यमचा मुलगा जॉन याने दक्षिणेचे आकाश जोडून १८६४ साली ५,०७९ वस्तूंची सामान्य सूची प्रसिद्ध केली. तिच्यात आपली ही दीर्घिका आहे, पण जॉन हर्शलने तिला म्हटले आहे गोलाकार तारकागुच्छ. फिकट, फार मोठा, गोल, मध्याकडे एकाएकी उजळ होत जाणारा, थोडेफार तारे सुटे होत आहेतसे वाटणारा. त्याला दिसले तसे त्याने लिहिले. सर्पिल दीर्घिकेच्या फाट्यांत नव्या ताऱ्यांचे तेजस्वी पुंजके असतात, ते मधल्या दुर्बिणीतून दाण्यांसारखे भासतात; त्यांना तारे समजणे स्वाभाविकच होते.

गंमत पुढे आहे. या सूचीच्या आधीच, आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस यांनी सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली होती. १८४५ साली त्यांना मेसिएच्या ५१ क्रमांकात वळसे दिसले आणि १८५० पर्यंत अशा चौदा ‘सर्पिल तेजोमेघां’ची त्यांची गणना झाली. त्यांत ७४ क्रमांक होता. म्हणजे १८५० साली एका माणसाला ती सर्पिल दिसली होती आणि १८६४ च्या सूचीत ती गुच्छच राहिली.

१८८८ साली योहान ड्रायर याने ‘न्यू जनरल कॅटलॉग’ प्रसिद्ध केला. ७,८४० वस्तू. एनजीसी ही अक्षरे आज शाळकरी मुलांच्या पुस्तकातही येतात. हा ड्रायर मूळचा डेन्मार्कचा. तरुणपणी चार वर्षे त्याच बरच्या दुर्बिणीवर रॉस घराण्याचा साहाय्यक होता. त्याच्या सूचीत आपली दीर्घिका ६२८ क्रमांकावर आली, आणि वर्णन तेच राहिले: गोलाकार गुच्छ, फिकट, फार मोठा. मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. ड्रायरच्या निष्काळजीपणाचा हा पुरावा आहे असे मला वाटत नाही. हजारो वस्तू, शेकडो निरीक्षक, निरनिराळ्या दुर्बिणी. त्यांतून एक सूची करायची तर वर्णनाचा वाद तिथेच सोडवत बसता येत नाही. ड्रायरने वर्णन आखडून काही अक्षरांवर आणले: ‘एफ’ म्हणजे फिकट, ‘एल’ म्हणजे मोठा, ‘व्ही’ लावला की फार, ‘आर’ म्हणजे गोल. परंतु प्रत्येक ओळीत त्याने पूर्वीच्या सूचीतला क्रमांक दिला, कोणी कोणी पाहिले त्यांची नावे दिली, आणि स्थान दिले. वर्णन शेवटच्या रकान्यात. या रकान्यांच्या क्रमातच त्याची तालिकाकाराची दृष्टी आहे. वर्णन बदलणार, हे त्याने धरून चालले होते. जागा तेवढी हरवता कामा नये.

आणि इथे एक असा रकाना येतो, की जो पाहून आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या कोणालाही पंचांगाची आठवण व्हावी. ड्रायरने स्थाने दिली ती १८६० सालची, आणि प्रत्येक स्थानाशेजारी लिहिले की ते दर वर्षी किती सरकेल. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे ज्या वसंतसंपाताच्या बिंदूपासून आपण आकाश मोजतो तो बिंदूच दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरतो. बहात्तर वर्षांत जवळजवळ एक अंश. हेच अयनचलन. मेसिएच्या १७८० च्या नोंदीत ७४ क्रमांकाचे विषुवांश १ तास २५ मिनिटांना जेमतेम कमी आणि क्रांती १४ अंश ३९ कला आहे. २००० सालासाठी छापलेल्या नकाशात तीच दीर्घिका १ तास ३६ मिनिटे ४२ सेकंद आणि १५ अंश ४७ कला इथे सापडते. दीर्घिका हललेली नाही. मोजपट्टीचे टोक हलले. क्रांतीतच एक अंशाहून अधिक फरक, म्हणजे दोन पूर्णचंद्र मावतील एवढा. साल न पाहता कोणी जुन्या आकड्यांवर दुर्बीण लावली, तर तिला रिकामे आकाश दिसेल. म्हणून खगोलशास्त्रज्ञ स्थान लिहितात तेव्हा सोबत वर्ष लिहितात, आणि वर्षाशिवाय लिहिलेले स्थान ते स्थानच मानत नाहीत.

सायन आणि निरयन हे शब्द आमच्या घरात लहानपणापासून कानांवर पडत. आमच्या घरी टिळक पंचांग आणि शेजारी दाते पंचांग, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिकमास वेगळा आला, की आमचे फराळाचे डबे शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी रिकामे होत. केरूनाना छत्रे यांनी आरंभस्थान म्हणून रेवतीचा योगतारा घेतला, म्हणजे पाश्चात्त्य नावाने झीटा पीशियम. पटवर्धनी पंचांग आणि पुढे टिळक पंचांग या पक्षाचे. चित्रा ताऱ्यावरून आरंभ धरणारे दुसऱ्या पक्षाचे. आणि विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक, शंकर बाळकृष्ण दीक्षित ही मंडळी सायनवादी, सरळ वसंतसंपातापासून मोजणारी. यांतले लेले ग्वाल्हेरचे, शिंदे सरकारच्या नोकरीतले. १९२३ साली ग्वाल्हेर दरबाराने उज्जैनच्या जयसिंहाच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला, तेव्हा तिथे अधीक्षक म्हणून आले ते गोविंद सदाशिव आपटे. अवंतीच्या या प्रदेशात आकाश मोजण्याचे काम मराठी माणसांनी केले आहे, आणि ते करताना तावातावाने भांडणेही केली आहेत. तो रेवतीचा योगतारा आपल्या दीर्घिकेपासून अवघ्या दहा अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली, की त्या मुठीच्या रुंदीएवढा.

मला रेवती दाखवली ती माझ्या आत्याने. तिला दुर्बीण ठाऊक नव्हती. इंदुरातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर, मार्गशीर्षात, ती भाद्रपदेच्या मोठ्या चौकोनापासून बोट सरकवत नेई आणि म्हणे, “इथे बत्तीस तारका आहेत. मोजू नकोस, दमशील. त्यातली ही एक धर.” ती एक पाचव्या प्रतीची आहे. आज त्या गच्चीवरून इटाही दिसत नाही, मग झीटाची गोष्ट कशाला.

खगोलशास्त्रज्ञांनी पुढे काय केले ते आत्याला सांगायला हवे होते, तिला हसू आले असते. दोनशे वर्षे सायन पद्धतीने, प्रत्येक आकड्यासमोर साल लिहून काढल्यावर १९९८ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने मोजणीची चौकट अतिदूरच्या क्वेसारांना बांधून टाकली. आरंभी अशा २१२ उगमांचा आधार घेतला. संपात सरको, अक्ष डोलो, चौकट जागची हलत नाही. म्हणजे शेवटी तेही एका अर्थी निरयनच झाले. फक्त रेवतीऐवजी त्यांनी अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे योगतारे निवडले.

ही दीर्घिका मी प्रत्यक्ष पाहिली ती निवृत्तीनंतर. डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेआठच्या सुमारास ती आमच्या माळव्यात जवळजवळ डोक्यावर येते. महूच्या पुढे जानापावच्या बाजूला काही तरुण मंडळी आठ इंची दुर्बीण घेऊन जातात, त्यांनी मला गाडीत घेतले. त्यांतल्या एकाने दुर्बीण लावून दिली आणि म्हणाला, “मावशी, तिच्याकडे पाहू नका. तिच्या बाजूला पाहा.” डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी दाट असतात, पण अंधारात त्या निकामी; मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी कडेला. त्यामुळे अंधूक वस्तू सरळ नजरेला हरवते आणि तिरक्या नजरेला सापडते. मी डावीकडच्या एका ताऱ्यावर नजर ठेवली. बराच वेळ काहीच नाही. मग काचेवर श्वास पडून विरावा तसे काहीसे जाणवले, मधे किंचित दाट. त्याच्याकडे पाहिले, तर नाही. पुन्हा बाजूला पाहिले, तर आहे. फाटे वगैरे काही दिसले नाहीत. जॉन हर्शलला जे दिसले त्याच्या शतांशही मला दिसले नसेल. पण मेशँचे वर्णन अक्षर न् अक्षर पटले, थंडीसकट.

हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतले की तिच्या बाहेरचे, हा वाद १९२० च्या दशकात मिटला. एडविन हबल याने देवयानीतल्या सर्पिल तेजोमेघात अंतर सांगणारे स्पंदनशील तारे ओळखले आणि ती स्वतंत्र तारकानगरी ठरली. मराठीने यांच्यासाठी ‘दीर्घिका’ हा शब्द घेतला. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. आपल्या घरच्या नदीला आकाशगंगा म्हटले, तर दूरची तळी दीर्घिका. ज्याने हा शब्द योजला त्याच्या कानाला मी मनोमन दाद देते. त्यानंतर ६२८ क्रमांकाच्या ओळीपुढे ‘गुच्छ’ राहिला नाही. पण ६२८ राहिला.

पुढच्या सूच्यांची कथा मला त्यातल्या माणसांमुळे आवडते. पालोमारच्या दुर्बिणीने १९४९ पासून नऊ-दहा वर्षांत उत्तरेचे सारे आकाश काचपट्ट्यांवर उतरवले. स्वीडनमधील उप्साला येथे पेटर निल्सन याने त्या पट्ट्यांच्या छापील प्रती नजरेखालून घातल्या आणि एक कलेहून मोठी दिसणारी प्रत्येक दीर्घिका मोजून, वर्णन करून १९७३ साली १२,९२१ नोंदींची सूची छापली. तिच्यात आपली दीर्घिका १,१४९ वी. १९८९ साली फ्रान्समधून ७३,१९७ दीर्घिकांची मुख्य सूची आली. तिच्यात ती ५,९७४ वी. आता संगणकातल्या कोशात तिचे नाव शोधले, तर तिला मिळालेल्या क्रमांकांची लांबलचक यादीच समोर येते. नव्या नोंदींत तर क्रमांक नसतोच, तिचे विषुवांश आणि क्रांती हीच एका दमात लिहिलेली तिची ओळख. दाखल अंकापासून सुरू झालेला प्रवास नुसत्या जागेवर येऊन थांबला. पण कोणतेही जुने नाव पुसलेले नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत आम्ही ‘पाहा’ अशी पत्रे ठेवत असू: या नावाने शोधता आहात ना, मग त्या नावाखाली पाहा. खगोलशास्त्रज्ञांचा कोश हा असल्या ‘पाहा’ पत्रांचा डोंगर आहे.

त्याचा उपयोग काय, ते २००३ साली दिसले. ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट एव्हान्स हे धर्मोपदेशक साध्या दुर्बिणीतून दीर्घिका पाहत आणि त्यांचे चेहरे लक्षात ठेवत. कुठे एखादा ठिपका जास्त दिसला, की त्यांना कळे. जून २००३ मध्ये त्यांना ७४ क्रमांकात असा ठिपका सापडला: एक तारा स्फोट होऊन मरत होता. आधीच्याच वर्षी, २००२ च्या जानेवारीत, जपानच्या योजी हिरोसे या हौशी निरीक्षकाला याच दीर्घिकेत असा एक स्फोट सापडला होता. २००३ च्या स्फोटाला ‘२००३ जीडी’ असे नाव मिळाले. अक्षरे क्रमाने वापरतात, त्या हिशेबाने तो त्या वर्षीचा १८६ वा. मग शास्त्रज्ञांनी जुनी चित्रे काढली. हबल अवकाश दुर्बिणीने आणि जेमिनी दुर्बिणीने स्फोटाच्या सहा ते नऊ महिने आधी ती दीर्घिका टिपली होती, आणि बरोबर त्याच जागी एक साधा लाल तारा होता, सूर्याच्या सुमारे आठपट वस्तुमानाचा. तो जिवंत असताना त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. काही वर्षांनी धग ओसरल्यावर पुन्हा पाहिले, तर तो तारा तिथे नव्हता. एका विशिष्ट ताऱ्याचे असणे आणि नसणे असे दोन्ही नोंदीत सापडणे दुर्मीळच.

२०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने तिचे अवरक्त चित्र घेतले, त्यात धुळीचे धागे जाळीसारखे दिसतात. आणि अंधूक सर्पिलांचा शोध आता आपल्या दाराशीही येऊन पोहोचला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच चित्रांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली, तिचे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्व दीडशे कोटी वर्षांचे असतानाचा तिचा प्रकाश. तिला त्यांनी नाव दिले अलकनंदा. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि रुद्रप्रयागला या दोन नद्या भेटतात. इतक्या लवकर इतके नीट वळसे कसे बनले, हा प्रश्न त्या नावाबरोबरच उभा राहिला आहे.

हे सगळे मी गेल्या वर्षभरात पुन्हा वाचले त्याला एक घरगुती निमित्त झाले. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९६० च्या सुमारास छापला होता. आता नवी आवृत्ती निघते आहे, आणि आमच्या शाखेची माहिती पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. जुन्या प्रतीत माझ्या आजोबांच्या नावापुढे लिहिले आहे: वास्तव्य इंदूर, होळकर सरकारात नोकरी, पुत्र तीन, त्यांची नावे, शिक्षण, हुद्दे. आणि मग: कन्या १. नाव नाही. ती कन्या म्हणजे आत्या. लग्नानंतर वर्षभरात कपाळ पांढरे झाले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आजोबांनी तिला शिकवले. मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षे गणित शिकवले. कोकणातून किंवा पुण्याहून माहिती गोळा करणाऱ्यांना माळव्यातल्या घराची ही एक ओळ पुसटच दिसणार, यात नवल नाही. आमच्यासारख्या दोनशे वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या घराण्यांपुढे त्या ग्रंथात कितीदा तरी ‘पुढील माहिती मिळत नाही’ असे शब्द आहेत.

पाठवलेल्या तक्त्यात कन्यांसाठी नाव आणि सासरचे घराणे एवढेच रकाने होते. मी तो भरला आणि सोबत एक वेगळा कागद जोडला. त्यावर माझ्या व्यवसायाच्या सवयीने दोन भाग केले. मी स्वतः पाहिलेले: वर्षे, शाळा, तिचे हस्ताक्षर असलेल्या वह्या, गच्ची, पंचांग. इतरांकडून ऐकलेले: लग्न, सासर, आजोबांचा निश्चय, कोणाकडून ऐकले त्यांच्या नावांसह. खाली माझे नाव आणि तारीख.

काही दिवसांनी संकलन करणाऱ्या तरुणाचा दूरध्वनी आला. मुलगा नेमका आणि नम्र. “काकू, माहिती फार छान आहे. मग जुन्या आवृत्तीतली ती ‘कन्या १’ ही ओळ काढून टाकतो.”

“काढू नका,” मी म्हटले. “ती तशीच छापा, मागच्या आवृत्तीचे पान देऊन. नवी नोंद तिच्याखाली येऊ दे.”

“पण ती ओळ अपुरी आहे ना?”

“अपुरी आहे, पण जागा तिनेच राखली. तिच्यावरूनच तर आपण इथवर आलो.”

त्याने थोडा विचार केला आणि मान्य केले. अडचण क्रमांकाची होती. जुन्या आवृत्तीत क्रमांक फक्त पुरुषांना. मधेच नवा घातला, तर पुढच्या सातशे नावांचे क्रमांक बदलणार. मी त्याला सांगितले, की एनजीसीतही जागा चिकटून असलेल्या आणि मागाहून सापडलेल्या दीर्घिकांना शेजारच्या क्रमांकापुढे अक्षर लावतात. आजोबांच्या क्रमांकापुढे ‘अ’ लावा. त्याला एनजीसी म्हणजे काय ते कळले नसावे, पण उपाय पटला.

गेल्या आठवड्यात मुद्रिते आली. आत्याची नोंद सात ओळींची आहे, क्रमांकापुढे ‘अ’ आहे, वर जुनी ओळ बारीक टाइपात आहे. तिच्या नावातली एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती. ती दीर्घ करून, समासात सही करून, मी कागद परत पाठवला.